देशभक्तीचा पेपर काढणाऱ्यांनो, आधी इक्बाल सिद्दिकी कोण ते सांगा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर वाचा, नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण अर्धी वाचून कमेंट करू नका.

भारत-पाकिस्तान मॅच संपली की आपल्या शहरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. पाकिस्तान जिंकला तर 'अमुक भागात फटाके वाजले'. भारत जिंकला तर 'अमुक भागात बघा कसा सन्नाटा आहे'. म्हणजे वाजले तरी गुन्हा, नाही वाजले तरी गुन्हा. भागाचं नाव दरवेळी बदलतं. कधी किराडपुरा, कधी कटकट गेट, कधी रोशन गेट. एक गोष्ट मात्र बदलत नाही, ती म्हणजे मेसेज टाकणारा त्या भागात राहत नसतो. तो सिडकोत सोफ्यावर बसलेला असतो आणि तिथून त्याला कटकट गेटचे फटाके ऐकू येतात. काय कान आहेत राव!

मोबाईल नव्हते तेव्हा हाच मेसेज पानटपरीवरून फिरायचा. मी तो शाळेत असल्यापासून ऐकतोय, आणि आता माझी पन्नाशी जवळ आली. एवढ्या वर्षांत व्हिडिओ मागितला की उत्तर एकच, 'सगळ्यांना माहितीये'. लग्नसराईत या शहरात कुठल्या रात्री फटाके वाजत नाहीत, हे पण सगळ्यांना माहीत आहे. पण ते जाऊ द्या.

अशा मेसेजवाल्यांना मी गेली काही वर्षं एकच प्रश्न विचारतो. इक्बाल सिद्दिकी कोण?

आतापर्यंत दोघांनी बरोबर उत्तर दिलं. बाकीच्यांचं मौन. एकाने तर विचारलं, 'एमआयएमचा नगरसेवक का?'

नाही साहेब. इक्बाल सिद्दिकी हा आपल्या शहरात जन्मलेला, भारताची टेस्ट कॅप मिळवलेला फास्ट बॉलर. २६ डिसेंबर १९७४ चा जन्म. महाराष्ट्राकडून वर्षानुवर्षं रणजी खेळला, प्रथम श्रेणीत तीनशेहून जास्त विकेट काढल्या. ज्यांनी रणजीची विकेट कशी असते ते पाहिलंय त्यांना कळेल की आपल्या देशात फास्ट बॉलरने तीनशे विकेट काढणं म्हणजे काय. पाटा विकेट, रिकामं स्टेडियम, दुपारचं ऊन आणि चौथा स्पेल. टीव्ही नाही, टाळ्या नाहीत.

डिसेंबर २००१, मोहाली, इंग्लंडविरुद्ध पहिली टेस्ट. त्याच्या आधीच दक्षिण आफ्रिकेत माईक डेनेस प्रकरण झालेलं, सेहवागला एका मॅचची बंदी, सगळा देश पेटलेला. त्या टेस्टमध्ये भारताचे तीन नवे खेळाडू एकदम उतरले. केरळचा टिनू योहानन, आपला इक्बाल सिद्दिकी, आणि तिसरा संजय बांगर. बांगर कुठला? बीडचा! म्हणजे एका टेस्टमध्ये, एकाच दिवशी, मराठवाड्यात जन्मलेल्या दोघांच्या डोक्यावर भारताची टोपी आली. एक हिंदू, एक मुसलमान, हे मला आज लिहावं लागतंय याचीच लाज वाटते, पण लिहितो, कारण मेसेजवाल्यांना तीच भाषा कळते.

ती मॅच भारताने दहा विकेटनी जिंकली. दुसऱ्या डावात चार-पाच रनच हवे होते, म्हणून कप्तानाने सिद्दिकीला ओपनिंगला पाठवलं. नव्या बॉलने बॉलिंग आणि ओपनिंगला बॅटिंगही, असा योग एका टेस्टमध्ये फार कमी जणांना येतो. मॅचमध्ये एक विकेट मिळाली. पुन्हा संधी आलीच नाही. एक टेस्ट, बस्स. बांगरला बारा मिळाल्या. २००२ ला हेडिंग्लेवर ढगाळ हवेत त्याने ओपनिंगला ६८ काढले, तेव्हा कुठे द्रविड, सचिन आणि गांगुलीची शतकं उभी राहिली. आपण सचिनचे १९३ लक्षात ठेवले. बांगरचे ६८ कोणाला आठवतात? असो.

सांगायचं हे की ज्या शहरातून एक पोरगा भारतासाठी टेस्ट खेळला, त्याच शहरात त्याच्या समाजाच्या पोरांना क्रिकेटवरून देशभक्तीचा दाखला मागितला जातो, आणि मागणाऱ्यांना त्या खेळाडूचं नावही माहीत नसतं. याला क्रिकेटप्रेम म्हणायचं?

मी कट्टर भारतीय क्रिकेटचा भक्त आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये 'तू कोणाचा' सुरू होईल. भक्त हा शब्द मुद्दाम वापरला. जुन्या शहरात, औरंगपुऱ्याच्या बाजूला वाढलो. 'एकच षटकार' मधले पोस्टर कापून भिंतीला चिकटवायचे, त्याच्यावरून आईच्या शिव्या खायच्या. बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकत शाळेची तयारी करायची. रेडिओ कानाला लावून गल्लीतून जाणाऱ्या माणसाला स्कोअर विचारायचा, तो ओळखीचा असो नसो. कुठल्याही दुकानापुढे थांबून 'चाचा, कितने हुए?' विचारलं की चाचा हातातलं काम न थांबवता सांगायचे, 'दो सौ दस पे चार, सचिन है अभी.' 'सचिन है अभी' हे तीन शब्द ऐकले की पुढच्या दुकानापर्यंत चाल बदलायची. १९८६ ला शारजात शेवटच्या बॉलवर मियाँदादने चेतन शर्माला सिक्स मारला, त्या संध्याकाळी त्या चाचांच्या दुकानात कोणी फटाके वाजवल्याचं मला आठवत नाही. मला आठवतं ते त्यांनी रेडिओला दिलेली शिवी, जी मी इथे लिहू शकत नाही.

खेळायला आमखास मैदान. जामा मशिदीच्या शेजारचं. आमच्या टीममध्ये निम्मी पोरं भडकल गेट, बुढी लेनकडची. बॉलसाठी काँट्री काढायची, टेनिस बॉल हरवला की पुन्हा काँट्री. शुक्रवारी दुपारी दोन ओव्हर राहिल्या असल्या तरी मॅच थांबायची, अर्धी टीम नमाजाला जायची, आम्ही स्टंपाजवळ बसून चणे खायचो. रमजानमध्ये रोजा असलेल्यांना फिल्डिंगला सावलीत उभं करायचं, हा नियम कोणी लिहिला नव्हता. गणपतीच्या दहा दिवसांत आमची निम्मी टीम मंडळात, तेव्हा तेच लोक सहा-सहा जणांत मॅच मारून न्यायचे. आणि भांडणं? भरपूर. रनआऊटवरून डोकी फुटायची बाकी राहायची. पण रनआऊटवरून. 'तुम लोग' आणि 'आम्ही लोक' असं भांडण त्या मैदानात होत नव्हतं. याच शहराने १९८८ ची दंगल पाहिली होती, तेव्हा असं नव्हे की आम्ही स्वर्गात राहत होतो. संचारबंदी उठली की पहिल्यांदा भेट व्हायची ती मैदानात, एवढंच.

आमचा फास्ट बॉलर डावखुरा होता. रनअप घेताना ओरडायचा, 'अपुन वसीम है!' आणि मी कॉलर वर करून बॅटिंगला जायचो, कारण अझहर तशी कॉलर ठेवायचा. म्हणजे बघा, मुसलमान पोरगा पाकिस्तानच्या बॉलरची नक्कल करतोय आणि हिंदू पोरगा भारताच्या मुसलमान कप्तानाची. आजच्या व्हॉट्सॲप विद्यापीठात याची केस कशी चालवतील? पहिल्याला देशद्रोही ठरवतील. दुसऱ्याला काय ठरवतील त्यांनाच माहीत. त्या काळात भारतातल्या कुठल्याही गल्लीत जा, फास्ट टाकणारा प्रत्येक पोरगा वसीम नाहीतर वकार असायचा. कारण आपल्याकडे एकटा श्रीनाथ होता आणि तो बिचारा सगळीकडे पुरणार कसा!

इथे कोणी म्हणेल, तू एकच बाजू सांगतोस, पाकिस्तान जिंकल्यावर खूश होणारे कोणीच नव्हते का? होते. एखाद-दुसरा होता. वात्रट पोरं प्रत्येक गल्लीत असतात, चिडवायला उलट्या टीमचा झेंडा घेणारी. मुंबई इंडियन्सच्या घरात चेन्नईचा एक जण असतोच. पण एखाद्या पोराच्या वात्रटपणावरून एका मोहल्ल्याचा निकाल लावायचा, हे कुठल्या कायद्यात बसतं? आणि समोरची टीम चांगली खेळली म्हणून टाळी वाजवणं हा गुन्हा असेल तर अख्ख्या चेन्नईला आत टाका. ३१ जानेवारी १९९९. सचिन पाठदुखीने वाकलेला, १३६ करून आऊट झाला, आपण १२ रनांनी हरलो. आणि चेपॉकचं स्टेडियम उठून पाकिस्तानच्या टीमसाठी टाळ्या वाजवत राहिलं. वसीमने टीम घेऊन मैदानाला फेरी मारली. मी त्या दिवशी जेवलो नव्हतो. तरी त्या टाळ्यांचा मला राग आला नाही, उलट वाटलं की आपले लोक मोठ्या मनाचे आहेत. त्या मॅचवर आजही लोक अभिमानाने बोलतात. तीच टाळी आज आपल्या शहरात, एखाद्या विशिष्ट नावाच्या माणसाने वाजवून दाखवावी.

आणि हे सगळं गमतीवारी नेऊ नका, कारण आता गोष्ट मेसेजवर थांबत नाही. २३ फेब्रुवारी २०२५. चॅम्पियन्स ट्रॉफी, दुबई, भारत-पाकिस्तान. कोहलीने नाबाद शतक मारलं, आपण सहा विकेटनी आरामात जिंकलो. जिंकलो, हे लक्षात घ्या. त्या रात्री आपल्याच महाराष्ट्रात, मालवणमध्ये, एका भंगारवाल्याच्या अल्पवयीन मुलाने देशविरोधी घोषणा दिली असा आरोप झाला. त्याच्या आईबापाला अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेने त्यांचं भंगाराचं दुकान पाडलं. दुसऱ्या दिवशी! आपल्याकडे अतिक्रमणाची तक्रार करून लोक म्हातारे होतात, आणि तिथे एका रात्रीत जेसीबी. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अवमान याचिकेवर नगरपरिषदेला नोटीस काढली. मुलगा काय बोलला किंवा नाही बोलला ते कोर्ट बघेल. पण क्रिकेटच्या एका मॅचनंतर एका घराची भाकरी जेसीबीखाली गेली, आणि त्याचे व्हिडिओ आपल्या ग्रुपवर टाळ्यांच्या इमोजीसह फिरले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ज्याने ते टाकले त्याला कोहलीने त्या दिवशी किती रन केले ते विचारा.

खेळाडूंनाही हे सुटलेलं नाही. २४ ऑक्टोबर २०२१ ला आपण टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये पाकिस्तानकडून दहा विकेटनी हरलो, अकराच्या अकरा जण हरले, शिव्या कोणाला? शमीला. कोहली कप्तान होता, त्याने पत्रकारांसमोर बसून धर्मावरून हल्ला करणाऱ्यांची सालटी काढली. दोन वर्षांनी त्याच शमीने वानखेडेवर सेमीफायनलला ५७ रनांत ७ विकेट काढल्या, वर्ल्ड कपमध्ये एकूण २४. तेव्हा शिव्या देणारेच 'शमीभाई' म्हणून स्टेटस ठेवत होते. आणि मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळताना रमजानमध्ये बाटलीतून पाणी-सरबत प्यायला म्हणून एका मौलानांनी त्याच शमीला गुन्हेगार ठरवलं. आमखासवर आम्ही रोजेवाल्याला सावलीत उभं करायचो, आणि इथे घामाने निथळणाऱ्या फास्ट बॉलरला टीव्हीवरून फतवा. दोन्हीकडचे हे लोक एकमेकांना ओळखत नसतील, पण एकाच टीमचे आहेत.

३० ऑक्टोबर २०२५ ला जेमिमाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ करून ३३९ चा पाठलाग पार करून दिला. तिलाही आधी धर्मावरून कमी ऐकवलं नव्हतं. फायनल जिंकल्यावर 'आपली मुलगी' झाली. हरली असती तर?

आता सांगा, परीक्षा कोणाची घ्यायची? सप्टेंबर २०२५ चा आशिया कप आठवा. पहलगामला जाऊन पाच महिने झाले होते. बोर्डाने पाकिस्तानबरोबर खेळायचं ठरवलं. दोन आठवड्यांत तीनदा खेळले. जाहिराती झाल्या, प्रक्षेपणाचे पैसे झाले, आणि हात मात्र मिळवले नाहीत. खेळायचं नसेल तर खेळू नका, मी टाळ्या वाजवीन. खेळायचं असेल तर खेळाडूसारखं खेळा. पण पैसे घ्यायचे आणि हात खिशात ठेवायचा, ही कुठली देशभक्ती? या मोठ्या लोकांना कोणी दाखला मागत नाही. दाखला मागायचा तो रोशन गेटच्या गॅरेजमधल्या पोराला, ज्याने रात्रभर मॅच बघितली आणि सकाळी तुमच्याच ॲक्टिव्हाचं ऑइल बदललं.

बरं, मेसेजवाल्यांचं क्रिकेटप्रेम खरं आहे असं धरून चालू. मग ते मैदानासाठी कुठे असतात? आमखासवर सभा. मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर सभा. जिल्हा परिषदेच्या मैदानावर दिवाळीला फटाका मार्केट, ज्याला २०१६ मध्ये आग लागून रांगच्या रांग दुकानं जळाली. तेव्हाचे फटाके मात्र खरंच अख्ख्या शहराने ऐकले, आणि ते कुठल्या भागात वाजले यावर एकही मेसेज आला नाही. पोरांनी खेळायचं कुठे? तासाचे पैसे मोजून जाळीत, बॉक्स क्रिकेट. ज्याच्या बापाकडे पैसे आहेत तो खेळणार, बाकीचे मोबाईलवर टीम लावणार. ऑनलाइन पैशांचे खेळ ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंद झाले म्हणतात, तोवर किती पोरांनी बापाचा पगार त्यात घातला हे प्रत्येक गल्लीला माहीत आहे.

इतकं असून मराठवाडा पोरं देतोच आहे. पैठणचा अंकित बावणे महाराष्ट्राचा कप्तान झाला, रणजीत धावांचा डोंगर उभा केला, भारताचा दरवाजा उघडला नाही. जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये कूचबिहार ट्रॉफीत आसामविरुद्ध नाबाद ४५१ मारले, पुढे अंडर-नाइन्टीन भारताचा कप्तान झाला. आणि बीडचा सचिन धस. फेब्रुवारी २०२४, अंडर-नाइन्टीन वर्ल्ड कपची सेमीफायनल, दक्षिण आफ्रिका, २४५ चं टार्गेट, आपण ४ बाद ३२. तिथून या पोराने ९५ बॉलमध्ये ९६ काढले आणि मॅच ओढून आणली. बापाने सचिनच्या नावावरून नाव ठेवलेलं. बीडमध्ये पूर्ण टर्फची विकेटही नाही, अर्ध्या टर्फवर तयारी झाली. आणि लहानपणापासून त्याला घडवणाऱ्या कोचचं नाव शेख अझहर. म्हणजे बीडमध्ये सचिनला अझहरने घडवलं! आम्ही नव्वदच्या दशकात भिंतीवर जे पोस्टर लावलं होतं तेच. त्या रात्री बीडमध्ये फटाके वाजले असतील तर ते कोणत्या भागात वाजले, हे मला कोणी फॉरवर्ड केलं नाही.

यातल्या प्रत्येक पोराला पुढे जायचं तर पुणे गाठावं लागतं. असोसिएशन पुण्यात, स्टेडियम गहुंजेला, निवड तिकडे. इक्बाल सिद्दिकीच्या पिढीलाही तेच, आजही तेच. पंचवीस वर्षांत शहराचं नाव बदललं, विकेट बदलली नाही. (नावावरून कमेंटमध्ये भांडू नका, तो वेगळा विषय, त्यासाठी वेगळी पोस्ट आणि वेगळं डोकं लागेल.)

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. एक, शहरातल्या मैदानांवर वर्षातून किती दिवस सभा-प्रदर्शनं आणि किती दिवस खेळ, याचा हिशेब महापालिकेने आणि जिल्हा परिषदेने जाहीर करावा. आपापल्या वॉर्डात निवडून आलेल्यांना हा प्रश्न विचारा, मीही माझ्या वॉर्डात विचारणार आहे.

दोन, गरवारे स्टेडियमच्या एका एंडला इक्बाल सिद्दिकीचं नाव द्या. पाटी लावायला फार खर्च येत नाही. त्या एंडकडून रनअप घेणाऱ्या पोराला, मग तो टीव्ही सेंटरचा असो की किराडपुऱ्याचा, कळू द्या की इथून निघालेला एक माणूस भारतासाठी नवा बॉल हातात घेऊन उभा राहिला होता.

ज्यांची हरकत असेल त्यांनी कमेंटमध्ये कारण लिहावं. नावाचा धर्म सोडून दुसरं कारण असेल तर मी उत्तर देईन.